एम्बेडेड यंत्रांतला यूएसबी होस्ट ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटंसं युनिट आहे. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून प्रोजेक्टसाठी येणारी मुलं आणि वेर्ण्याच्या कारखान्यांत मेंटेनन्स पाहणारी मंडळी, दोघांकडून यूएसबी होस्टबद्दल, म्हणजे पेनड्राइव्ह-कीबोर्ड जोडून घेऊन बोलणं सुरू करणाऱ्या बाजूबद्दल, फिरून फिरून तेच प्रश्न येतात. फोनवर तेच तेच सांगून दमलो, म्हणून इथं एकत्र लिहून ठेवतो. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या बोर्डाला यूएसबी पोर्ट आहे. मग पेनड्राइव्ह लावला तर काहीच का होत नाही?

बहुतेक तो पोर्ट डिव्हाइसचा आहे, होस्टचा नाही. यूएसबीच्या दोन टोकांना सारखे अधिकार नसतात. भजनात मुख्य गायकानं ओळ उचलल्याशिवाय मागचे तोंड उघडत नाहीत. तसंच होस्टनं विचारल्याशिवाय डिव्हाइस एक बाइटही पाठवत नाही. पेनड्राइव्ह हा मागे बसणारा, आणि तुमचा बोर्डही लॅपटॉपला जोडताना मागेच बसलेला असतो. दोघेही गप्प.

ईएसपी३२-एस३, आरपी२०४०, एसटीएम३२एफ४ अशा चिपांना दोन्ही भूमिका जमतात. पण चिपला जमतं म्हणून बोर्डाला जमतं असं नाही. होस्टनं पोर्टवर ५ व्होल्ट द्यायचे असतात आणि बऱ्याच डेव्हलपमेंट बोर्डांवर ते बाहेर काढण्याची सोयच नसते. आधी मल्टिमीटर लावा, कोड नंतर उघडा. चिपला होस्ट होताच येत नसेल तर एसपीआयवर, म्हणजे चिपांना आपसांत जोडणाऱ्या साध्या तारांवर, चालणारी मॅक्स३४२१ई ही वेगळी होस्ट चिप जोडता येते.

२. होस्टच्या ड्रायव्हरमध्ये एवढे थर कशाला? सरळ चिपच्या रजिस्टरांत, म्हणजे तिला आज्ञा देण्याच्या जागांत, लिहून पेनड्राइव्ह वाचता येत नाही का?

येतो. एकच चिप, एकच पेनड्राइव्ह आणि जन्मभर तेच काम असेल तर लिहाच. पण उद्या बाजारात चिप मिळेनाशी झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायची वेळ येते. हे आम्ही भोगलंय.

थर म्हटलं की गोव्यात कोणालाही बेबिंका आठवेल, पण ती उपमा इथं चालत नाही. बेबिंकेचा प्रत्येक थर सारखाच, इथं प्रत्येकाचं काम वेगळं. सगळ्यात खाली होस्ट कंट्रोलर ड्रायव्हर: त्याला चिपची रजिस्टरं, इंटरप्ट (हार्डवेअरनं प्रोसेसरला दिलेली हाक) आणि डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता होणारी मेमरीतली ने-आण) कळतं, पलीकडे पेनड्राइव्ह आहे की कीबोर्ड, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्यावर गाभा, म्हणजे कोअर: डिव्हाइसला पत्ता देणं, त्याची ओळख वाचणं, मागण्या रांगेत लावणं ही त्याची कामं. त्याच्यावर क्लास ड्रायव्हर: पेनड्राइव्हचा वेगळा, कीबोर्डचा वेगळा, हबचा वेगळा. सगळ्यात वर फाइल सिस्टिम आणि तुमचं अॅप्लिकेशन.

नियम एकच: प्रत्येक थरानं फक्त शेजाऱ्याशी बोलायचं. क्लास ड्रायव्हरमध्ये एखाद्या चिपच्या रजिस्टराचं नाव दिसलं तर समजा, कोणीतरी घाईत शॉर्टकट मारलाय.

३. सर, हे थर आकृतीत कळतात. प्रत्यक्ष एखादी फाइल वाचताना काय होतं?

पेनड्राइव्हवरचा एक सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट वाचायचे आहेत असं धरू. जोडणी फुल स्पीडची, १२ मेगाबिटची.

तुम्ही फाइल वाचायला सांगता. फाइल सिस्टिम तिच्या तक्त्यात शोधून म्हणते, ‘अमुक क्रमांकाचा सेक्टर द्या.’ तिला यूएसबी माहीतच नाही. एसडी कार्ड असतं तरी तिनं हेच म्हटलं असतं. मास स्टोरेज क्लास ड्रायव्हर या मागणीची स्कझी (डिस्कशी बोलण्याची प्रमाण भाषा) आज्ञा बनवतो आणि ३१ बाइटांच्या पाकिटात घालतो. त्या पाकिटाची सुरुवात ‘यूएसबीसी’ या चार अक्षरांनी होते. मग तो कोअरला तीन कामं एकामागून एक देतो: हे ३१ बाइट पाठव, ५१२ बाइट आण, शेवटी १३ बाइटांची पावती आण.

कोअर बघतो की हे डिव्हाइस जिवंत आहे ना, पत्ता कोणता, एंडपॉइंट (डिव्हाइसमधलं डेटाचं दार) कोणता, आणि मागणी खाली सरकवतो. होस्ट कंट्रोलर ड्रायव्हर ५१२ बाइटांचे ६४-६४ बाइटांचे आठ तुकडे करतो, कारण फुल स्पीडच्या बल्क, म्हणजे मोठा डेटा नेणाऱ्या, एंडपॉइंटवर एका पॅकेटात जास्तीत जास्त ६४ बाइट मावतात. हाय स्पीडवर तेच ५१२ बाइट एकाच पॅकेटात येतात. म्हणजे खालचा थर बदलला, तुकड्यांची संख्या बदलली, वरच्याला पत्ताही लागला नाही.

पावतीतला शेवटचा बाइट शून्य आला तरच काम झालं. तो न तपासणारे क्लास ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ते ‘कधीकधी’ चालतात.

४. पेनड्राइव्ह खुपसल्यावर पहिल्या क्षणात काय घडतं? माझं तिथंच अडकतं.

याला एन्युमरेशन म्हणतात आणि निम्मे फोन याचेच असतात.

डिव्हाइसच्या आत १.५ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो. तो डी प्लस तार वर ओढत असेल तर फुल स्पीड, डी मायनस ओढत असेल तर लो स्पीड. हाय स्पीडचं डिव्हाइससुद्धा आधी फुल स्पीड म्हणूनच समोर येतं आणि रीसेटच्या वेळी वेगळी खूण करून आपला वेग सांगतं. होस्टला तार हललेली दिसते, पण लगेच धावायचं नाही. प्लग आत जाताना संपर्क थरथरतो, म्हणून १०० मिलिसेकंद थांबायचं. मग रीसेट: नियम किमान १० मिलिसेकंदांचा, पण होस्टच्या स्वतःच्या पोर्टवर ५०. त्यानंतर आणखी १० मिलिसेकंद उसंत.

आता डिव्हाइस पत्ता शून्यवर बसलेलं असतं. कोअर त्याला ओळखीचे पहिले ८ बाइट विचारतो. ८ एवढ्यासाठीच, की एंडपॉइंट शून्यवर किती मोठं पॅकेट चालतं हे त्यातला शेवटचा बाइट सांगतो आणि ते कळेपर्यंत ८ हाच सुरक्षित आकडा. मग १ ते १२७ मधला एक पत्ता द्यायचा, २ मिलिसेकंद थांबायचं, आणि नव्या पत्त्यावर १८ बाइटांचा पूर्ण डिस्क्रिप्टर, म्हणजे ओळखपत्र, वाचायचा. त्यानंतर कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टर दोनदा: आधी ९ बाइट, त्यातून एकूण लांबी कळते, मग सगळा. शेवटी कॉन्फिगरेशन निवडायचं.

अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिले ८ बाइटच येत नसतील तर वायरिंग, क्लॉक किंवा रीसेटची वेळ बघा. ४८ मेगाहर्ट्झचं क्लॉक अचूक नसेल तर इथंच नाट लागते. पत्ता दिल्यावर गप्प होत असेल तर ते २ मिलिसेकंद पाळलेले नाहीत. मोठा डिस्क्रिप्टर वाचताना बोर्ड कोसळत असेल तर बफर लहान आहे. वेबकॅमचा डिस्क्रिप्टर २५६ बाइटांत मावेल या भ्रमात राहू नका.

५. इंटरप्ट ट्रान्सफर म्हणजे डिव्हाइस होस्टला इंटरप्ट देतं का?

नाही. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना गोंधळात टाकलंय. होस्टच ठरावीक अंतरानं विचारत राहतो, ‘आहे का काही?’ वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन चालतं, कोणी केव्हा बसायचं हे आधी ठरलेलं असतं. तसं होस्टच्या वेळापत्रकात इंटरप्ट आणि आयसोक्रोनस (आवाज-व्हिडिओसारखा अखंड डेटा) ट्रान्सफरची पाळी राखून ठेवलेली असते. फुल स्पीडला १ मिलिसेकंदाच्या फ्रेमपैकी जास्तीत जास्त ९० टक्के वेळ त्यांना देता येतो, हाय स्पीडला १२५ मायक्रोसेकंदांच्या मायक्रोफ्रेमपैकी ८० टक्के. उरलेल्यात कंट्रोल आणि बल्क.

काजूच्या एका गोदामात बारकोड स्कॅनर हळू चालतो अशी तक्रार होती. स्कॅनर कीबोर्डचं सोंग घेतो. प्रत्येक अंकासाठी बटण दाबल्याचा एक रिपोर्ट आणि सोडल्याचा एक, प्रत्येकी ८ बाइट. १३ अंक आणि एंटर मिळून २८ रिपोर्ट. होस्ट दर १० मिलिसेकंदांनी विचारत असेल तर २८० मिलिसेकंद लागणारच. ड्रायव्हरची चूक शून्य. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये अंतर कमी केलं, तक्रार संपली.

६. दर चिपला वेगळा होस्ट कंट्रोलर ड्रायव्हर का लागतो? यूएसबी तर एकच आहे ना?

तारेवरची भाषा एकच, चिपच्या आतली रचना वेगळी. १९९६ साली यूएसबी १.० आली तेव्हापासून पीसीवरही दोन पंथ होते: इंटेलचा यूएचसीआय, ज्यात बरंचसं काम सॉफ्टवेअरवर पडायचं, आणि कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट, नॅशनल सेमीकंडक्टर यांचा ओएचसीआय, ज्यात ते हार्डवेअर करायचं. यूएसबी २.० बरोबर ईएचसीआय आला, ३.० च्या काळात एक्सएचसीआय.

मायक्रोकंट्रोलरवर वेगळाच संसार. बऱ्याच एसटीएम३२ मध्ये सिनॉप्सिस कंपनीचा ओटीजी (होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही होऊ शकणारा) हार्डवेअर गाभा बसवलेला असतो आणि तो ‘चॅनल’ या हिशेबानं चालतो. एफ४ च्या फुल स्पीड पोर्टवर असे ८ चॅनल आणि सव्वा किलोबाइटचा फिफो (रांगेचा बफर). प्रत्येक उघड्या एंडपॉइंटला कायमचा एक चॅनल देणारा ड्रायव्हर लिहिलात तर हब, कीबोर्ड आणि दोन पेनड्राइव्ह जोडताच चॅनल संपतात. चांगला ड्रायव्हर चॅनल उसना देतो, काम झालं की परत घेतो.

७. यूएसबी-सिरियल केबल लावली, सीडीसी (सिरियल पोर्टसारख्या डिव्हाइसांचा प्रमाण क्लास) ड्रायव्हर आहे, तरी ओळखत नाही. का?

क्लास ड्रायव्हर निवडताना कोअर इंटरफेसच्या, म्हणजे डिव्हाइसच्या एकेका कामाच्या, डिस्क्रिप्टरमधला क्लास क्रमांक बघतो: कीबोर्ड-माउससाठी ३, पेनड्राइव्हसाठी ८, हबसाठी ९. बाजारातल्या बहुतेक सिरियल केबली मात्र सीडीसीचा क्रमांक सांगतच नाहीत. त्या २५५ सांगतात, म्हणजे ‘माझं मी बघते, कंपनीचा ड्रायव्हर आण’. तिथं उत्पादक आणि उत्पादनाचे क्रमांक जुळवावे लागतात. एफटीडीआयच्या जुन्या परिचित चिपेचे ०४०३ आणि ६००१, सीएच३४० चे १ए८६ आणि ७५२३, दोन्ही हेक्समध्ये. बॉड रेट (सिरियलचा वेग) बदलण्याची आज्ञाही प्रत्येकाची निराळी, त्यामुळे नुसते क्रमांक यादीत घालून भागत नाही.

एकाच डिव्हाइसमध्ये अनेक इंटरफेस असू शकतात. निवड इंटरफेसवर व्हायला हवी, संपूर्ण डिव्हाइसवर नव्हे. ‘पहिला इंटरफेस माझा नाही, म्हणून डिव्हाइस सोडून दिलं’ असा कोड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता हसू येतं.

८. ‘डिव्हाइस जोडलं’ या कॉलबॅकमध्ये फाइल उघडली की सगळं गोठतं. दोन दिवस झाले.

कॉलबॅक म्हणजे घटना घडली की ड्रायव्हरनं हाक मारलेलं तुमचं फंक्शन. जो टास्क कॉलबॅक चालवतोय, तोच टास्क खालून आलेल्या पूर्ततेच्या खबरा पुढे ढकलतो. तुम्ही त्याला फाइल उघडायला लावली. तो डेटाची वाट बघत बसला. डेटा आलाही, पण ती खबर उचलणारा तोच. कोकणीत सांगायचं तर, आपलीच वाट आपण पळयत रावप, म्हणजे स्वतःचीच वाट बघत बसणं.

कॉलबॅकमध्ये फक्त झेंडा लावा किंवा रांगेत निरोप टाका. वाट बघण्याची सगळी कामं वेगळ्या टास्कात. इंटरप्टमधून येणाऱ्या कॉलबॅकला हे दुप्पट लागू.

९. हब लावला की मधला कीबोर्ड चालत नाही. थेट लावला तर चालतो.

आधी तुमच्या स्टॅकमध्ये, म्हणजे या थरांच्या तयार संचात, हबचा ड्रायव्हर आहे का ते बघा. छोट्या स्टॅकांत बऱ्याचदा नसतोच. हब हेही एक डिव्हाइस आणि त्याचा ड्रायव्हर हा क्लास ड्रायव्हर, पण विचित्र: तो वरच्या अॅप्लिकेशनला काहीच देत नाही, उलट कोअरला सांगतो की माझ्या तिसऱ्या पोर्टवर पाहुणा आलाय.

ड्रायव्हर असूनही चालत नसेल तर वेगाचा घोळ. फुल स्पीड हबच्या मागे लो स्पीड कीबोर्ड असेल तर होस्टला प्रत्येक वेळी आधी ‘प्री’ नावाचं पॅकेट पाठवून हबला सावध करावं लागतं. मॅक्स३४२१ई मध्ये त्यासाठी खास बिट आहे आणि तो लावायला लोक विसरतात. हाय स्पीड हब असेल तर त्याच्यातला ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर (दोन वेगांमधला दुभाषा) वापरून व्यवहार दोन भागांत तोडावा लागतो. ती गुंतागुंत होस्ट कंट्रोलर ड्रायव्हरची, पण हब कुठे आहे ही माहिती कोअरनं खाली पोचवायला हवी. थरांमधली ही सांधेजोड बहुतेक ठिकाणी कच्ची असते.

१०. लॉगमध्ये शेकडो नॅक दिसतात. केबल खराब आहे का?

नाही. नॅक म्हणजे ‘आत्ता नाही, मागाहून विचार’. पेनड्राइव्ह लिहिताना भरपूर नॅक देतो. त्यावर रिट्राय मोजून तीन झाले की हार मानणारा ड्रायव्हर चुकीचा. तीनचा हिशेब खऱ्या त्रुटींसाठी: उत्तरच न येणं, सीआरसी (डेटा तपासण्याचा आकडा) बिघडणं.

स्टॉल मात्र वेगळा. तो म्हणजे ‘हे मला जमत नाही’. बल्क एंडपॉइंटवर स्टॉल आला की तो मोकळा करण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि ती दिली की डिव्हाइसचा डेटा टॉगल (पॅकेटांवरची शून्य-एक अशी आळीपाळीची खूण) शून्यावर येतो, होस्टनंही आपला शून्यावर आणायचा असतो. डिव्हाइस शून्यावर आलं आणि होस्टचा टॉगल एकवर राहिला तर पुढचं पॅकेट गुपचूप गाळलं जातं. ‘एका चुकीनंतर पुढचं सगळं बिघडतं’ अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. कंट्रोल एंडपॉइंटचा स्टॉल पुढच्या सेटअप पॅकेटनं आपोआप सुटतो.

११. डेटा मधेच जुना किंवा कचरा येतो. लॉग छापला की चूक गायब होते!

कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी झटपट मेमरी. मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही तापमान नोंदवणारी पेटी केली होती. रोज संध्याकाळी तिथला सुपरवायझर पेनड्राइव्ह लावून नोंद काढायचा. एक दिवस त्यानं कागद समोर ठेवला. आजच्या नोंदींच्या मधेच कालचे दोन आकडे. पुढं तीन ओळी बरोबर, पुन्हा तुकडा कालचा. तुकडा मोजला तर बरोबर ३२ बाइट.

३२ बाइट ही कॉर्टेक्स-एम७ च्या कॅशमधल्या एका ओळीची लांबी. प्रोसेसरनं नवा आकडा कॅशमध्ये लिहिला, तो मेमरीत उतरायच्या आधीच डीएमएनं मेमरीतला जुना उचलून पेनड्राइव्हला दिला. लॉग छापला की छपाईचा बफर कॅशमधल्या ओळी बाहेर ढकलायचा, म्हणून चूक लपायची. चार दिवस मी फाइल सिस्टिमला शिव्या देत होतो.

पाठवण्याआधी कॅश मेमरीत उतरवा, आलेला डेटा वाचण्याआधी कॅश रद्द करा, आणि बफर ३२ च्या सीमेवर सुरू होऊन ३२ च्या पटीतच संपू द्या. नाहीतर शेजारचं व्हेरिएबल त्याच ओळीत सापडून मरतं. हे काम कोणत्या थराचं? माझ्या मते होस्ट कंट्रोलर ड्रायव्हरचं, कारण डीएमए आहे हे फक्त त्यालाच माहीत. काही स्टॅक ते वरच्यावर ढकलतात. तुमचा काय करतो ते वाचून घ्या.

१२. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह उपटला तर?

उपटणारच. लोक ‘सुरक्षित काढा’ लॅपटॉपवर करत नाहीत, तुमच्या पेटीवर कुठून करतील? खबर खालून वर जाते: पोर्टचा इंटरप्ट, मग कोअर त्या डिव्हाइसच्या रांगेतल्या सगळ्या मागण्या ‘रद्द’ म्हणून परत करतो, मग क्लास ड्रायव्हर, मग फाइल सिस्टिम. कळीचा मुद्दा एकच: वरच्यांनी हात सोडेपर्यंत डिव्हाइसची मेमरी मोकळी करायची नाही. ती आधी सोडली की बोर्ड कोसळतो, तोही दहातून एकदा, ग्राहकासमोर.

फाइल वाचवायची असेल तर थोडं लिहून लगेच सिंक करा, म्हणजे बफरमधलं ड्राइव्हवर उतरवा. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे हे दोन्हीसाठी उपयोगी.

१३. चार पेनड्राइव्ह चालतात, पाचवा नाही. पाचवा लॅपटॉपवर मात्र चालतो.

एन्युमरेशन पूर्ण होतं का ते बघा (प्रश्न ४). होत असेल तर पुढचे संशयित ओळीनं सांगतो.

‘किती लुन (ड्राइव्हच्या आतले स्वतंत्र कप्पे) आहेत’ या प्रश्नाला काही ड्राइव्ह स्टॉल देतात. तो बिघाड नाही. अर्थ एवढाच, की एकच आहे. ‘तयार आहेस का’ या पहिल्या आज्ञेला बरेच ड्राइव्ह अपयश कळवतात. तेव्हा कारण विचारायचं, थोडं थांबायचं, परत विचारायचं. एकदाच विचारून सोडून देणारे ड्रायव्हर इथं हरतात. आणि ६४ जीबीचा ड्राइव्ह असेल तर त्यावर बहुधा एक्सफॅट (मोठ्या ड्राइव्हवरची फाइलींची मांडणी) असतं, तुमच्या फाइल सिस्टिममध्ये ते बंद असतं. यात यूएसबीचा काही दोष नाही.

१४. पेनड्राइव्ह खुपसला की बोर्डच रीसेट होतो.

सॉफ्टवेअर बाजूला ठेवा. ड्राइव्ह आत जाताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो आणि तुमचा ५ व्होल्ट कोसळतो. होस्ट पोर्टवर किमान १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, आणि प्रवाह मर्यादित करणारा स्विच. कॉन्फिगर होण्याआधी डिव्हाइसनं जास्तीत जास्त १०० मिलिअॅम्पियर घ्यायचे, नंतर ५०० पर्यंत. किती हवेत ते डिस्क्रिप्टरमध्ये २ मिलिअॅम्पियरच्या पटीत लिहिलेलं असतं. समुद्राकाठच्या जागी पोर्टमधल्या धातूच्या पट्ट्या हिरव्या पडल्या की तिथंही व्होल्ट मरतात. आधी पोर्ट साफ करा.

१५. अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखा वाचता येईल का?

नाही. आजचे फोन एमटीपी (फाइली मागून घेण्याची वेगळी बोली) बोलतात, मास स्टोरेज नव्हे. वेगळा क्लास ड्रायव्हर लागेल.

१६. मग कोणता स्टॅक घेऊ?

ईएसपी३२-एस३ असेल तर एस्प्रेसिफचा स्वतःचा होस्ट स्टॅक. आरपी२०४० असेल तर टाइनीयूएसबी. थ्रेडएक्स या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमवर आधीच असाल तर यूएसबीएक्स. हब, वेबकॅम आणि वायफाय डोंगल असं सगळं एकत्र हवं असेल तर मायक्रोकंट्रोलर सोडा आणि लिनक्स चालेल असा बोर्ड घ्या. तिथं हे सारे थर वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेत. कोणताही घेतलात तरी पहिल्या दिवशी प्रत्येक थराचा लॉग वेगवेगळा चालू-बंद करता येईल अशी सोय करा. मला फोन करण्याआधी कोणत्या थरापर्यंत गाडी पोचते ते बघून ठेवलंत, तर उरलेलं बोलणं पाच मिनिटांत आटपतं.